टोपाखालची होडी

माझ्या नावावर चोवीस जहाजं होती. आमच्या कारवीबंदरात हे ऐकलं की लोकांना वाटायचं, हरेश्वर तांडेलाची पोरगी मोठी मालदार झाली. नावावर म्हणजे मालकीची नव्हेत हो! त्या चोवीस जहाजांनी समुद्रात कुठे कोणाला धडक दिली, तर त्याची जबाबदारी माझ्या नावावर. एवढंच काय ते.

त्याचं झालं असं. माणसाशिवाय चालणारी जहाजं दर्यात उतरली, तेव्हा पहिली काही वर्षं सगळे खूश होते. यंत्राला झोप लागत नाही, ते दारू पीत नाही, बायकोशी भांडून ड्यूटीवर येत नाही. मग दूरच्या कुठल्याशा खाडीत अशाच एका जहाजाने प्रवासी बोट चिरडली, आणि कोर्टात प्रश्न आला, की पिंजऱ्यात उभं कोणाला करायचं? मालक म्हणाले, प्रोग्रॅम करणाऱ्यांना विचारा. ते म्हणाले, आम्ही फक्त शिकवायला सुरुवात केली, पुढचं तो आपला आपणच शिकला. विमावाले म्हणाले, यंत्राला शिक्षा करायची असेल तर खुशाल करा. शेवटी सगळ्या देशांनी मिळून नियम केला, की प्रत्येक जहाजामागे जमिनीवर हाडामांसाचा एक माणूस हवाच. परवाना असलेला आणि नाव-पत्ता असलेला. त्याला नाव दिलं उत्तरदायी अधिकारी.

ती मी. प्रणिता हरेश्वर दोरकुळकर, वय एकोणतीस. नवी मुंबईत चौदाव्या मजल्यावर, गारेगार खोलीत, पाच पडद्यांसमोर बसायचं आणि चोवीस जहाजांच्या वतीने दोष घ्यायला तयार राहायचं. शेजारच्या खुर्चीत कॅप्टन उपासनी. तीस वर्षं खऱ्या जहाजांवर काढलेला माणूस. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "आपण पगारी बळीचे बकरे, प्रणिता. फरक इतकाच, की बकऱ्याला कोणी पेन्शन देत नाही."

टेबलावर लाल झाकणाखाली एक मूठ होती. झाकण उघडून मूठ धरली, की समोरच्या पडद्यावरचं जहाज यंत्राच्या हातातून सुटून तुमच्या हातात येणार. धडक झालीच तर 'दोषगणित' नावाचा प्रोग्रॅम दोन सेकंदांत वाटणी करायचा. जहाज यंत्राच्या हाती असेल तर नव्वद टक्के कंपनीवर, दहा माझ्यावर. मूठ माझ्या हातात असेल तर शंभरच्या शंभर माझ्यावर, म्हणजे परवाना गेला आणि तुरुंग आला. तीन वर्षांत त्या खोलीत कोणी ते झाकण उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. "हात दाखवून अवलक्षण कशाला?" उपासनी म्हणायचे.

बाबाला ही नोकरी कधी कळलीच नाही. "सुकाणू हातात नाय, न् बोट बुडाली तर गुन्हेगार तू? ही कसली गं तांडेली?" तो विचारायचा. मी उलट त्याच्यावरच डाफरायची. कारण त्याचंही काही कमी नव्हतं.

तर आता बाबाचं सांगते. त्याच नियमात मासेमारीच्या प्रत्येक बोटीवर एक डबी सक्तीची झाली. ही डबी दर दोन सेकंदांनी ओरडून सांगते, की मी अमुक बोट, अमुक ठिकाणी, अमुक दिशेने चालले आहे. मोठी जहाजं ते ऐकतात आणि वळसा घालून जातात. सरकारी नाव काहीतरी भारी होतं, पण आमच्या बंदरात तिला 'चुगल्या' म्हणायचे. कारण ती जहाजाला सांगते तसं शेजारच्या बोटीलाही सांगते. एखाद्याला सोन्याच्या भावाने विकला जाणारा घोळ मासा लागला आणि तो तासभर एका जागी थांबला, की चुगल्याने गावभर केलंच! दुसऱ्या दिवशी तिथे चाळीस बोटी. आणि घोळीच्या जागा म्हणजे आमच्यात बापाने मुलाला मरताना सांगायची गोष्ट.

बाबाला मुलगा नाही, म्हणून त्याने त्याची जागा मला सांगितली होती, मी पंधरा वर्षांची असताना. टेकडीवरचा जुना टॉवर मागच्या डोंगराच्या खिंडीत नेमका बसला पाहिजे आणि उत्तरेच्या कड्याचं नाक बेटामागे लपलं पाहिजे. या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे खाली खडक आहे, आणि खडकावर घोळ. धुरकट असलं की बाबा दोरीला शिसं बांधून तळ चाचपत तीच जागा शोधतो. पुढे शिकल्यावर मी एकदा कागदावर त्याचे अक्षांश-रेखांश काढले, पाठ केले आणि कागद फाडून टाकला. संगणकात घातले नाहीत, कारण ती बाबाची जागा होती.

तिथे जाताना बाबा काय करायचा, माहीत आहे? चुगल्यावर जर्मनचा मोठा टोप पालथा घालायचा आणि वर ओलं गोणपाट गुंडाळायचा. धातूखाली डबीचा आवाज मेला. वायरलेससुद्धा बंद, कारण बोललं की लोक आवाज ओळखतात. "झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणायचा. सगळ्या किनाऱ्यावर दुसऱ्या कोणाला हे सुचलं नाही, अशी त्याची खात्री होती. पकडला गेला असता तर परवाना रद्द आणि बोट जप्त. बोटीचं नाव 'प्रणिता'. निळी बोट, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पांढऱ्या अक्षरांत माझं नाव.

गेल्या शिमग्याला मी त्याला समोर बसवलं. जहाजांचं यंत्र समुद्र कसा बघतं, ते समजावून सांगितलं. म्हटलं, बाबा, रडारला सगळंच दिसतं. लाट, ओंडका, प्लॅस्टिकचं पिंप, फायबरची छोटी बोट, सगळ्यांचा ठिपका जवळजवळ सारखाच. सुरुवातीला यंत्र प्रत्येक ठिपक्याला घाबरून थांबायचं, जहाजं तासन्‌तास उशिरा पोचायची. मग त्याला शिकवलं, की जिथे प्रत्येक बोटीवर डबी सक्तीची आहे, तिथे जो ठिपका काही बोलत नाही तो बोट नव्हे. त्याला करडा रंग द्यायचा, 'तरंगता कचरा' लिहायचं आणि सरळ पुढे जायचं. "म्हणजे टोप घातलास, की तू बोट राहत नाहीस. कचरा होतोस. कळलं?"

 बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझी शपथ. पुन्हा नाय झाकणार."

मी विश्वास ठेवला. बाप आहे, नाही कशाला ठेवायचा?

नारळी पौर्णिमा होऊन तीन आठवडे झाले होते. सकाळचे सव्वादहा. दर्यावर धुरकट होतं, दोन किलोमीटरपलीकडचं दिसत नव्हतं. माझ्या पडद्यावर 'कोरल विस्टा' होती. तीनशे मीटर लांब, पोटात हजारो कंटेनर, आत माणूस एकही नाही. किनाऱ्यापासून दहा मैलांवरून उत्तरेला चाललेली. नवं बंदर झाल्यापासून जहाजांचा रस्ता आमच्या बाजूला सरकला होता.

तेवढ्यात आईचा फोन आला. तिचं आपलं नेहमीचं, जेवलीस का, खोकला कसा आहे. मग तक्रार. "तुझ्या बापाला काय म्हणावं सांग! माझा नवा टोप नेला बोटीवर. चकचकीत होता गं, अजून एकदापण चुलीवर चढवला नव्हता. भात शिजवायला बोटीवर जुना आहे की!"

"बाबा कुठे गेलाय?" मी विचारलं.

"बंदरावर लिहून दिलंय तसा दक्षिणेला, बांगड्याला. तो, लहू भाऊजी आणि तो नवा खलाशी, टीकाराम."

बांगड्याला दोन टोप लागत नाहीत. एक भाताचा. दुसरा कशाला?

 घोळीच्या जागेचे पाठ केलेले आकडे मी पहिल्यांदा पडद्यावर टाकले. 'कोरल विस्टा'च्या रेघेवर, अगदी रेघेवर, चौदा मिनिटांच्या अंतरावर तो बिंदू उमटला. त्याच्या आसपास तीन करडे ठिपके. तिन्हींवर लिहिलेलं, तरंगता कचरा. एक बरोबर जहाजाच्या नाकासमोर, दोन जरा पश्चिमेला. तिन्ही स्थिर.

बाबाला फोन लावला. पोच नाही. लहूकाकाला लावला. पोच नाही. वायरलेसवर 'प्रणिता, प्रणिता' अशी माझ्याच नावाने हाका मारत सुटले. कोणी उत्तर दिलं नाही.

"काय झालं?" उपासनींनी विचारलं.

आता इथे मी काय केलं ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. मी म्हटलं, "काही नाही सर. तो कचरा जरा मोठा वाटतोय."

माझा बाप तिथे आहे, हे मी बोलले नाही. बोलले असते तर नोंद झाली असती, आणि बाबाची बोट जप्त झाली असती. त्याने डबी झाकली आणि मी तोंड झाकलं.

"मोठा असेल. मेलेला देवमासा असेल," उपासनी पडद्याकडे बघत म्हणाले. "यंत्र त्र्याण्णव टक्के सांगतंय, कचरा. तू कचऱ्यासाठी तीनशे मीटरचं जहाज वळवणार? उद्या कारण काय लिहिशील?"

"पण सर, बोट असली तर?"

"असली आणि तू हात लावला नसलास, तर दहा टक्के. लावलास आणि काही झालं, तर शंभर. बाकी तुझी तू जाण."

बारा मिनिटं. दहा. मी यंत्राला विचारलं, पुन्हा तपासशील का? त्याने तपासलं. चौऱ्याण्णव टक्के. पुढचा कॅमेरा लावला, तर नुसतं पांढरं धुरकं. स्वतःला सांगितलं, बाबाने शपथ घेतलीय, टोप कशालाही नेला असेल. कालवणाला नेला असेल. आठ मिनिटं. मी पुन्हा फोन लावला. सात. मी त्या लाल झाकणाकडे बघत बसले होते. भीती बाबाची वाटत होती, खरं आहे. पण तेवढीच भीती त्या शंभर टक्क्यांची वाटत होती, हेही खरं आहे. नऊ मिनिटं मी घालवली.

पाच मिनिटं उरली तेव्हा मी झाकण उघडलं आणि मूठ धरली.

"प्रणिता!" उपासनी उभेच राहिले.

पडद्यावर अक्षरं आली, 'जहाज आता तुमच्या हातात आहे.' समुद्राचा पहिला धडा, समोर कोणी आलं तर उजवीकडे वळा. मी जहाज उजवीकडे घेतलं, वीस अंश. ते प्रचंड धूड आळस दिल्यासारखं हळूहळू वळू लागलं. नाकासमोरचा करडा ठिपका डावीकडे सरकायला लागला. सरकला. चांगला बाजूला झाला. मी श्वास सोडला. देवी पावली, असंसुद्धा पुटपुटले.

आणि मग तो ठिपका हलला.

आधी मला वाटलं, भास आहे. पण तो उजवीकडे येत होता. आमच्या बाजूला. वेगाने. आणि मला एकदम समजलं. बाबाने धुरक्यातून वर आलेलं जहाज बघितलं होतं. तेव्हा ते अजून त्याच्या दिशेनेच येत होतं, वळण इतकं मंद की समोरून कळणारच नाही. मग त्याने जाळ्याची दोरी तोडली असणार आणि इंजिन फुल सोडून पळाला असणार. कुठे? घाबरलेला कोळी कुठे पळतो? किनाऱ्याकडे. उत्तरेला जाणाऱ्या जहाजाच्या उजव्या हाताला किनारा. तो मला चुकवत होता आणि मी त्याला चुकवत होते, आणि दोघं एकाच बाजूला.

"टोप काढ!" मी ओरडले. "बाबा, टोप काढ!" नवी मुंबईत, चौदाव्या मजल्यावर. ऐकणार कोण?

ठिपक्याचा करडा रंग जाऊन लाल झाला. 'कचरा' पुसलं गेलं आणि 'होडी' असं आलं. कचरा आठ मैलांच्या वेगाने पळत नाही, हे यंत्राला तेव्हा उमगलं. धडकेला चाळीस सेकंद. 'जहाज तुमच्या हातात आहे. आदेश द्या. आदेश द्या.'

मी मूठ डावीकडे पार टोकापर्यंत ओढली. कॅमेऱ्यात धुरकं फाटलं आणि निळी बोट दिसली. नाळेवर माझं नाव. मागे सुकाणूपाशी बाबा, पुढे लहूकाका दोन्ही हात वर करून हलवत होता, जसं कोणी जहाजात बसलेलं असावं तसं. जहाजाचं नाक बोटीला चुकवून गेलं. पण इतकं लांब जहाज डावीकडे वळलं की त्याचं शेपूट उजवीकडे फेकलं जातं. ते शेपूट बोटीला बसलं.

आवाज काहीच आला नाही. जहाज हललंसुद्धा नाही. दोन सेकंदांनी पडद्यावर दोषगणित आलं. कंपनी शून्य. उत्तरदायी अधिकारी शंभर.

उपासनींनी तटरक्षकांना फोन केला. मी खुर्चीत बसून होते. लोक नंतर सांगायचे, की मी एकसारखी टीकारामचं नाव घेत होते, कारण कळवायचं म्हटलं तर त्याच्या घरचा पत्ता मला माहीत नव्हता.

बाबा आणि टीकाराम वाचले. पलीकडच्या बंदरातल्या चिंतामण पावशेने त्यांना अर्ध्या तासात पाण्यातून काढलं. तो तिथे इतक्या लवकर कसा पोचला, ते कोणी विचारलं नाही. लहूकाका तिसऱ्या दिवशी पुळणीवर लागला.

सरकारी दवाखान्यात बाबाच्या खाटेशी कंपनीचे वकील आले, बाविस्कर. मृदू बोलणारा माणूस. माझ्यासमोर एक कागद ठेवून म्हणाले, "ताई, शांतपणे वाचा. त्या ठिकाणी कुठलीही बोट असल्याचा सिग्नल नाही. शेवटच्या चाळीस सेकंदांची नोंद यंत्राचा गोंधळ म्हणून दुरुस्त होऊ शकते. आमच्या दृष्टीने जहाजाला कचरा लागला. तुमच्या वडिलांनी बंदरावर लिहून दिलं होतं, दक्षिणेला बांगड्याला जातो. बोट तिथे आपोआप बुडाली. वडिलांचा परवाना शाबूत, तुमची नोकरी शाबूत, मयताच्या घरच्यांना सरकारी मदत. कोणाचीच चूक नाही."

"आणि मी मूठ धरली ते?"

"कचरा चुकवायला धरली. काही नुकसान झालं नाही."

ते गेले. मी बाबाला सगळं सांगितलं. टोप का नेलास, ते मी विचारलं नाही. त्यानेही तू का वळलीस, विचारलं नाही. मला नोंदीवरून कळलं होतं, की तो किनाऱ्याकडे पळाला होता, त्यामुळे मी हात लावला नसता तर जहाज त्याच्यापासून आठशे मीटर लांबून गेलं असतं. ते मात्र सांगितलं. बापापासून अजून काय लपवू?

बाबा भिंतीकडे तोंड करून पडला होता. "सही कर, पनू," तो म्हणाला. "लहू तर गेला. तू कशाला त्याच्या मागनं जातेस?"

खरं सांगते, मी पेन हातात घेतलं होतं. मला तुरुंगाची भीती वाटत होती, आणि कोणाचीच चूक नाही हे वाक्य मला फार हवंहवंसं वाटत होतं.

तेवढ्यात जनाकाकू आली. लहूकाकाची बायको. रडून रडून आवाज बसलेला. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, एकच सांगा. ते गेले ती जागा कुठली? बाराव्याला मला नारळ तिथंच सोडायचाय. दुसरीकडं सोडला तर त्यांना पोचायचा नाय."

बाबा म्हणाला, "दक्षिणेला. बांगड्याच्या जागेवर."

काकूने मान हलवली आणि गेली. त्या दिवसापासून बाबाने अन्नाला हात लावला नाही. आणि मी सही केली नाही. वकिलांना सांगितलं, चौकशीच्या दिवशी बघू. धीर म्हणून नव्हे हो. सही करायचाही धीर होत नव्हता आणि नाही म्हणायचाही.

चौकशी बाराव्या दिवशीच आली, मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये. आसपासच्या पाच बंदरांतले तांडेल जमलेले. पहिल्या रांगेत जनाकाकू, मांडीवर नारळ. इथून उठून तिला दर्यावर जायचं होतं. चौकशी करणाऱ्या बाईंनी कागद चाळले आणि बाबाला विचारलं, "हरेश्वर दोरकुळकर, धडकेच्या वेळी, म्हणजे बोट बुडाली त्या वेळी, आपण नेमके कुठे होतात?"

बाविस्कर माझ्याकडे बघत होते. बाबा उभा राहिला. त्याने काकूच्या मांडीवरच्या नारळाकडे बघितलं. मग हॉलच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा तो बोलला.

"टेकडीवरचा जुना टॉवर मागच्या खिंडीत बसतो," तो म्हणाला, "न् उत्तरेच्या कड्याचं नाक बेटामागं लपतं. त्या जागेवर. घोळीची जागा आहे. माझ्या बापाची. चुगल्या मी झाकला होता, टोपानं. लहू नको नको म्हणत होता."

 चौदा वर्षं मी ती जागा उरात घेऊन फिरत होते, आणि त्याने ती पाच बंदरांसमोर ओतली. मी उठले.  म्हटलं, "मला ठाऊक होतं. बाबा तिथे आहे, हे मला चौदा मिनिटं आधी कळलं होतं. नऊ मिनिटं मी गप्प बसले. मग जहाज मी वळवलं. कचरा चुकवायला नाही. बोट चुकवायला."

बाविस्करांनी आपले कागद गोळा केले.

तेव्हा मागून कोणीतरी खाकरलं. चिंतामण पावशे उभा होता, टोपी हातात चुरगाळत. "बाई, माझं पण लिहा," तो म्हणाला. "मी पण तिथंच होतो, पश्चिमेच्या अंगाला. झाकून. म्हणून तर एवढ्या लवकर पोचलो."

त्याच्या पलीकडून अजून एक म्हातारा उठला. मी त्याला ओळखत नव्हते. "मी पण," एवढंच बोलला आणि बसला.

तीन करडे ठिपके. तीन टोप. बाबा तोंड उघडं ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला.

जनाकाकू वळली. "तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होती ती जागा?" तिने विचारलं. "मग हे लपवत कोणापासनं होते रे?"



माझा परवाना गेला. खटला अजून चालू आहे. दोषाची वाटणी आता यंत्र करणार नाही, माणसं करणार आहेत, एवढं चौकशीवाल्या बाईंनी लिहून घेतलं. बाबाचाही परवाना गेला. चौकशी संपल्यावर त्याच दुपारी चिंतामणच्या बोटीतून आम्ही निघालो. बाबा, आई, टीकाराम, जनाकाकू आणि मी. चुगल्या उघडा, मिणमिणता हिरवा दिवा. आकाश स्वच्छ होतं. टॉवर खिंडीत बसला, कड्याचं नाक बेटामागे गेलं आणि बाबाने इंजिन बंद करायला सांगितलं.

काकूने हळदकुंकू वाहिलं आणि नारळ पाण्यावर सोडला. तो एकदा बुडाला, वर आला आणि तरंगत लांब जाऊ लागला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. म्हणून दक्षिणेकडून येणारं जहाज आधी टीकारामने पाहिलं.

त्याने नुसता हात केला. उंच, काळं, कंटेनरांनी भरलेलं. आमच्याच रोखाने. आईने माझा दंड धरला. चिंतामणचा हात इंजिनाच्या चावीकडे गेला आणि बाबाने तो धरून ठेवला. "पळू नको," तो म्हणाला.  "आहे तिथंच राहा."

काकू त्या जहाजाकडे बघत होती. "पनू," तिने हळूच विचारलं, "आपण दिसतोय ना गं त्याला?"

मी चुगल्याचा हिरवा दिवा बघितला. पुन्हा बघितला. "दिसतोय, काकू," म्हटलं.

पण त्याचं नाक वळेपर्यंत आमच्यातल्या कोणीही श्वास घेतला नाही.